मास्तरांचा सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी

२ मार्च २०१४

ही वही मास्तरांनी मला दिलेली शेवटची.

मास्तर म्हणजे माझे सासरे, पोलिख्रोनिस व्लास्तोस. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण 'बाबा' काही माझ्या तोंडात बसलं नाही. अख्खं मेलिसोवूनी गाव ज्यांना मास्तर म्हणतं, त्यांना मी एकट्यानं बाबा म्हटलं असतं तर लोकांनी वळून बघितलं असतं. दर वर्षाच्या पहिल्या दिवशी केक कापून झाला, त्यात घालून भाजलेलं नाणं कुणाच्या तुकड्यात निघालं यावरून भांडून झालं, की मास्तर भेटी वाटायचे. माझ्या बायकोला, अंथीला, काहीतरी लोकरीचं. मेव्हण्याला, पावलोसला, पुस्तक. तो मेलबर्नला गेल्यावर टपालानं. आणि मला वही. एकरेघी, निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतली पोरं वापरतात तसली. अशा बत्तीस झाल्या. एकतीस मी माझ्या संगमरवराच्या कारखान्यात दगडांची मापं लिहून संपवल्या. लांबी, रुंदी, जाडी. ही बत्तिसावी कोरी राहिली, कारण ती दिली त्याच वर्षी मार्चात मास्तर गेले आणि मग हिच्यात मापं लिहायला हात होईना.

आज काढली, कारण आज सासूबाईंनी विषय काढला. एकोणीस तारखेला तीन वर्षं होतात. म्हणाल्या, आता पोलिख्रोनिसला बाहेर काढायचं.

आमच्या गावाखाली सगळा कातळ. माती आहे ती साठ माणसं झोपतील एवढीच. म्हणून तीन वर्षं झाली की पाद्रीबाबांसमोर खणायचं, अस्थी वाईननं धुवायच्या, पेटीत घालून चर्चच्या मागच्या खोलीत ठेवायच्या. जागा पुढच्याला. पुढचं कोण, तेही सासूबाईंनी ठरवून टाकलंय.

"मला त्याच्याच जागेत जायचंय, अर्गिरी. पण आधी त्याला माझ्या हातानं धुवायचंय. मी गेल्यावर दुसऱ्या कुणी धुतलेला मला नकोय."

शहाऐंशी वर्षांच्या आहेत. हृदयाचे डॉक्टर त्यांना तपासून झालं की त्यांच्याशी न बोलता माझ्याशी बोलतात. मी म्हटलं, ईस्टर होऊन जाऊ दे, मे महिन्यात काढू.

आज क्षमेचा रविवार; ईस्टरप्रमाणे याचीही तारीख दर वर्षी बदलते. संध्याकाळी चर्चमध्ये सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली. सासूबाईंनीही माझी मागितली. मी विचारलं, तुम्ही कसली मागता? तर म्हणाल्या, मागायची असते. तीन वर्षांपूर्वी या रविवारी मी अथेन्सला दगड कापायचं नवं यंत्र बघायला गेलो होतो. आयुष्यात तेवढा एकच चुकला. पुढे तेरा दिवसांनी मास्तर गेले. उगीच लिहून ठेवतो. त्यांच्यामाझ्यात माफ करण्यासारखं होतं तरी काय!

९ मार्च

सासूबाईंना घेऊन कबरस्तानात गेलो. मास्तरांची कबर म्हणजे माझं सगळ्यात चांगलं काम. कुणी विचारलं की मी गिऱ्हाइकाला तिथेच नेतो. सलग एकच फरशी, पुरती चार बोटं जाडीची, पांढरीशुभ्र, एक शीर नाही. सांधे मी स्वतः सिमेंटनं बंद केले, वर रबराचा लेप. गवताची काडी उगवायची नाही, पाण्याचा थेंब आत जायचा नाही. शवपेटीसुद्धा अक्रोडाची, आतून जाड प्लास्टिक लावलेली, अथेन्सहून आणवली होती. एक्क्याण्णव वर्षं ज्या माणसानं दोन कोटांवर काढली, त्याच्या बाबतीत निदान शेवटी तरी कुणी काटकसर करू नये असं मला वाटलं.

सासूबाई झारी घेऊन येतात. आजूबाजूच्या कबरींवर माती आहे, बायकांनी सब्जा, जिरॅनियम लावलंय. मास्तरांवर माती नाही. तरी त्या पाणी घालतात. पाणी फरशीवरून वाहून शेजारच्या निकोलेताच्या कबरीवरच्या सब्ज्याला मिळतं. मी म्हटलं, आई, कुंडी आणून देतो. म्हणाल्या, राहू दे, सवय आहे.

अग्रोन बरोबर होता. तो कारखान्यात माझा उजवा हात, आणि गावात कुणी गेलं की खणायलाही तोच. तो म्हणाला, "मालक, फरशी महिनाभर आधीच काढून ठेवू का? जरा पाऊस लागू दे." मला कळलं, याला जड काम उन्हाळ्याच्या आत उरकायचंय. म्हटलं, त्या दिवशी क्रेन आणू, घाई काय.

२५ मार्च

राष्ट्रीय सण. खारवलेला मासा तळला, लसणीची चटणी. तेरा माणसं जेवायला. नेहमीप्रमाणे कुणीतरी म्हणालंच, अर्गिरी, दगडाचं सांग.

ही माझी गोष्ट गावात सगळ्यांना पाठ आहे, तरी दर सणाला मागतात. १९६५ साल. मी अकरा वर्षांचा. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज. खडू हातात घेऊन मी असा उभा, की जणू कुणी माझ्यावरच अपूर्णांक काढलाय. मास्तर थांबले, थांबले, आणि मग म्हणाले, "अर्गिरी, तुझ्या डोक्यात हे शिरायचं नाही. जा तू, दगड फोड." दुसऱ्या दिवशी मी मामाच्या खाणीवर गेलो. इथे मी थांबतो, ग्लास उचलतो, आणि म्हणतो: पन्नास वर्षांत मास्तरांनी हजार पोरांना हजार गोष्टी सांगितल्या, कुणी ऐकल्या नाहीत. मी एकट्यानं ऐकलं. त्यांचा सर्वांत आज्ञाधारक विद्यार्थी मीच!

मग सगळे हसतात. मास्तर असताना तर जास्तच मजा यायची, कारण ते समोरच बसलेले असायचे. तेही ग्लास उचलायचे. माझ्या लग्नात सांगितली, पोरीच्या बारशाला सांगितली, त्यांच्या निवृत्तीच्या जेवणात शिक्षणाधिकाऱ्यांसमोर सांगितली. अपूर्णांक न येणाऱ्याच्या कारखान्यात आज नऊ माणसं कामाला आहेत. ही गोष्ट सांगायचा हक्क मी मिळवलाय.

आजही हसले सगळे. सासूबाई पाव आणायला आत गेल्या. पाव टेबलावरच होता. वय झालं.

१७ मे

काय लिहू.

सकाळी आठला क्रेननं फरशी उचलली. सिमेंट फोडायलाच तास गेला. माझंच काम, मजबूत. पाद्रीबाबा पापा-लाम्ब्रोस, सासूबाई, अंथी, आणखी पाचसहा बायका. अंथीनं वाईनची बाटली, पांढरं कापड, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद आणला होता. मी अस्थींसाठी पेटी करून घेतली होती, तिच्यावर नाव आणि दोन सालं.

अग्रोन खणत होता. शवपेटीचं झाकण त्यानं उचललं, वाकला आणि तसाच राहिला. मग फावडं बाजूला ठेवून त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

मी पुढे गेलो. मास्तरांच्या तपकिरी कोटाची बाही दिसली. आख्खी. इस्त्री होती तशी. बाहीच्या पुढे जे होतं ते मी एकदाच पाहिलं. तीन वर्षांत मातीनं त्यांना हातही लावला नव्हता.

पापा-लाम्ब्रोसनी पोथी मिटली. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि एकमेकींकडे बघितलं. ती नजर मला माहीत आहे. अंथी मला धरून उभी होती. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, बटणं लावलेली आहेत का? अग्रोननं बघून सांगितलं, सगळी.

"मग आवरून बसलाय," त्या म्हणाल्या. "निघालेला नाही अजून."

वाईनची बाटली तशीच परत आणली.

१९ मे

पापा-लाम्ब्रोस म्हणाले, परत ठेवायचं, दोन वर्षं तरी. उतारावर साधी माती आहे तिथे. प्लास्टिक नको, झाकण नको, वर काही नको. ते अगदी शांतपणे म्हणाले की संगमरवर आणि प्लास्टिकचा जमाना आल्यापासून त्यांनी अशी चार पाहिली. जुन्या काळी चादरीत गुंडाळायचे तेव्हा हे होत नसे. पाण्यालाच आत जाऊ दिलं नाही तर माती तरी काय करणार.

 बाहेर गाडीशी येऊन उभा राहिलो. अग्रोन हात झटकत आला. मी म्हटलं, तुला माहीत होतं. तो म्हणाला, "मी म्हटलं होतं ना मालक, पाऊस लागू दे."

मी मास्तरांना डबाबंद केलं.

२२ मे

गावात भलतंच चाललंय. माणूस विरघळला नाही म्हणजे कुणाचा तरी तळतळाट आहे, कुणीतरी माफ केलेलं नाही, असं आमच्याकडे म्हणतात. पूर्वी म्हणायचे, असं मी समजत होतो. भाजीवाली, तासूला तिचं नाव, दुकानात उघड म्हणाली, "एवढा देवमाणूस, पण पट्टी काही हलकी नव्हती हं त्याची."

मी कॉफीच्या दुकानात गेलो, खुर्चीवर उभा राहिल्यासारखा बोललो. म्हटलं, तळतळाट नाही न् काही नाही, दोष माझ्या फरशीचा. माझ्या सिमेंटचा. कुणी ऐकेना. खाटीक पेरिक्लिस म्हणाला, तू घरचा आहेस, झाकणारच. चाळीस वर्षं या लोकांना मी माझा दगड चांगला आहे म्हणून सांगत आलो. आज पहिल्यांदा वाईट आहे म्हणून सांगतोय तर विश्वास नाही!

पुन्हा दोन वर्षं हा हिशेब सासूबाईंनी डोक्यात केलेला दिसतो. शहाऐंशी आणि दोन. आज अंथीला म्हणाल्या, मीठ आजपासून बंद. डॉक्टर सहा वर्षं सांगत होते.

८ जून

आता एक नवीनच सुरू झालंय. गावात साठीच्या आसपासचं जे कोणी आहे ते मास्तरांच्याच हाताखालून गेलेलं. प्रत्येकाला वाटतंय, आपलंच तर नाही ना काही राहिलं? एकेक जण उतारावर जातो, मातीजवळ उभा राहतो, माफ करून येतो. मग कॉफी प्यायला आमच्या घरी.

पेरिक्लिस खाटीक आला. त्याला मास्तरांनी तिसरीत वर्गाबाहेर काढलं होतं. का, तर शेजारच्या पोरीची वेणी बाकाला बांधली. बाहेर पाऊस. थोड्या वेळानं मास्तर स्वतः बाहेर आले, त्याला आपला कोट दिला आणि परत आत गेले. शिक्षा शिक्षा, आणि कोट कोट. पेरिक्लिस म्हणाला, "मी माफ केलं हो, मास्तरीणबाई." आणि रडायला लागला. सासूबाई म्हणाल्या, तो कोट त्या दिवशी घरी आला तेव्हा त्याला मटणाचा वास होता, त्यावरून मी ओळखलं होतं.

मग बसचा ड्रायव्हर स्टेलिओस. मग थेओनी, जिला सोळाव्या वर्षी तिचे वडील कोरिंथच्या एका म्हाताऱ्याला द्यायला निघाले होते. मास्तर रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसायचे. बोलायचे काही नाही, नुसते बसायचे, कॉफी प्यायचे. अकराव्या दिवशी तिचा बाप म्हणाला, घ्या तुमची पोरगी, ठेवा शाळेत, पण मला माझी कॉफी सुखानं पिऊ द्या. थेओनी पुढे कालामाताला परिचारिका झाली. मी विचारलं, मग तू कशाबद्दल माफ केलंस? म्हणाली, त्यांनी एकदा माझ्या निबंधावर 'घाईत लिहिलाय' असा शेरा मारला होता. खरा होता, म्हणून लागला.

सासूबाई सगळ्यांचं ऐकतात. त्यांच्याही गोष्टी निघतात. युद्धानंतरची वर्षं, शाळेला छप्पर नाही, मास्तर पोरांना घेऊन चिनाराखाली बसायचे आणि थंडी पडली की सगळ्यांना उठवून मैदानाला फेऱ्या मारत पाढे म्हणायला लावायचे. पगार आला की पहिल्यांदा खडू. घरी आल्यावर मात्र खडूचं नाव नाही; आधी हात धुवायचे, मग पोरांना जवळ घ्यायचं. अंथीच्या केसाला कधी पांढरा डाग नसायचा. पावलोस जहाजानं गेला त्या दिवसापासून दर रविवारी पत्र, एकोणतीस वर्षं, एक रविवार चुकला नाही. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास सुरू झाल्यावर पाणी भरणं त्यांनी आपल्याकडे घेतलं आणि विहिरीवर बायकांच्या रांगेत उभे राहायला लागले. हीच भाजीवाली म्हणायची म्हणे, मास्तर, तुम्हाला झगा घालायचा राहिला फक्त. मास्तर म्हणायचे, रांगेत पुढे सोडलंत तर घालतो.

आज सत्तेचाळिसावा माणूस माफ करून गेला. अंथी हसत म्हणाली, अर्गिरी, तू कधी जाणार? मी म्हटलं, माझं काय आहे, मी तर आज्ञाधारक.

१४ ऑगस्ट

उद्या मोठा सण, म्हणून कारखाना दुपारीच बंद केला. अग्रोन यंत्र धूत होता. मी गमतीनं म्हटलं, तूही शिकलास ना त्यांच्याकडे, तू नाही गेलास माफ करायला?

अग्रोन डोंगर ओलांडून अल्बानियातून आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आमची भाषा त्याला मास्तरांनी स्वयंपाकघरात शिकवली, दाण्यांच्या ढिगावर. एक शब्द बरोबर, एक दाणा खायचा. तो म्हणाला, माझं काही नाही. उलट त्यांचंच काहीतरी राहिलं होतं. तुमच्याशी.

मी म्हटलं, म्हणजे?

मग त्यानं नळ बंद केला आणि सांगितलं. तीन वर्षांपूर्वीचा क्षमेचा रविवार. मी अथेन्सला. अग्रोन इथे सामान लावत होता. मास्तर चालत आले. घरापासून इथपर्यंत दोन किलोमीटर चढ, एक्क्याण्णवावं वर्ष. मोठ्या करवतीजवळच्या दगडावर बसले. तासभर बसले. अग्रोननं विचारलं, मालकांना काही निरोप देऊ का? तर म्हणाले, निरोपानं होण्यासारखं नाही, माफी मागायचीय. पुढच्या रविवारी येईन. तू बोलू नकोस, मी आलो होतो म्हणून कळलं तर तोच धावत येईल.

"अजून एक म्हणाले मालक. मला तेव्हा नीट कळलं नव्हतं. म्हणाले, मी एका पोराच्या पाठीवर ओझं ठेवलं. त्यानं ते उतरवलं नाही, ते घेऊन नाचून दाखवतो."

मी विचारलं, कोण पोरगा? अग्रोन खांदे उडवून म्हणाला, मला काय माहीत. आणि नळ परत सोडला.

पुढच्या रविवारी ते तापानं पडलेले होते.

१६ ऑगस्ट

दोन दिवस आठवतोय. मास्तरांनी माझं काय केलं? मुलगी दिली. कारखान्याच्या कर्जाला साक्षीदार राहिले. माझ्या आईच्या आजारपणात रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायला गेले. एकदा बोलताना 'खाणीतला' म्हणाले होते, पण ते दुसऱ्याच कुणाला.

अंथीला विचारलं. ती म्हणाली, तू खरंच विचारतोयस? आणि अंजिरं उतरवायला गेली.

२२ फेब्रुवारी २०१५

पुन्हा तो रविवार. चर्चमधून आल्यावर अंथीनं फोटोंचा खोका काढला. आमच्या फोतिनीचं बारसं, १९८३. लांब टेबल. मी ग्लास उचलून उभा. तोंड बघूनच कळतं की दगडाची गोष्ट चाललीय आणि शेवटच्या वाक्यावर आलीय. सगळ्यांची तोंडं उघडी. पेरिक्लिसचं तर पडजीभ दिसेपर्यंत.

मास्तरही ग्लास धरून आहेत, डाव्या हातात. उजवा हात टेबलावर. त्याच्यापुढे पावाचा चुरा. एवढा ढीग, जणू चिमण्यांना घालायला कुणी बसून केलाय.

दुसरा फोटो काढला. निवृत्तीचं जेवण. तिथेही चुरा.

सासूबाई बाजूला बसून वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, शाळा सोडलीस तेव्हा तुझ्या घरी तो तीनदा आला होता, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं हो, आईनं त्यांना सांगितलं होतं, पोर कमावतंय आता. "चौथ्यांदा खाणीवर आला होता. वरून बघितलं त्यानं तुला, हातोडा घेतलेला. हातोडा तुझ्यापेक्षा मोठा. खाली उतरला नाही. घरी येऊन मला म्हणाला, मारिगो, काय तोंडानं उतरू. मग पुढच्या वर्षापासून वर्गात कधी कुणाला तसं बोलला नाही. पट्टीसुद्धा त्याच वर्षी चुलीत घातली."

मी म्हटलं, पण आई, मी ती गोष्ट हसायला सांगायचो. मला कधी लागलं नव्हतं ते.

त्या म्हणाल्या, हो का.

आज एवढंच.

२३ फेब्रुवारी

लागलं होतं.

१३ मार्च २०१६

वर्षभर इथे काही लिहिलं नाही. काम होतं, आणि सासूबाई दोनदा दवाखान्यात. दोन्ही वेळा स्वतः कपडे भरून तयार, दोन्ही वेळा परत आल्या. मास्तरांना काढायला पापा-लाम्ब्रोसनी ऑक्टोबर सांगितलाय; डॉक्टरांना म्हणाल्या, मला ऑक्टोबरपर्यंत काम आहे.

उतारावर पाऊस चांगला झालाय. मास्तरांवर आता गवत आहे, रानफुलं आहेत, सासूबाईंनी सब्जा लावलाय आणि पाणी जिथे घालतात तिथेच मुरतं. फरशी कारखान्यात भिंतीला टेकून आहे, नाव आतल्या बाजूला करून. तिचा गुळगुळीतपणा बघून एक गिऱ्हाईक मागत होतं. म्हटलं, विकायची नाही.

आज रविवार होता. सगळे चर्चमध्ये गेले तेव्हा मी उतारावर गेलो. दोन वर्षांत गावातले सगळे येऊन गेले. मीच राहिलो होतो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. फार नव्हतंच. कुणी कुणाची मागायची तेच नीट जमेना, म्हणून दोन्हीकडचं मीच बोललो.

८ ऑक्टोबर २०१६

सकाळी धुकं होतं, मग उघडलं. अग्रोननं फावडं वापरलंच नाही, शेवटी शेवटी हातानं माती काढली. पापा-लाम्ब्रोस म्हणत होते ते मला ऐकू येत नव्हतं. अग्रोन वाकला. मी डोळे मिटले. मग त्याचा आवाज आला, मालक, बघा.

अस्थी मेणासारख्या पिवळ्या. जुन्या पुस्तकाच्या पानासारख्या. एकही डाग नाही. बायकांनी एकदम श्वास सोडला. भाजीवालीच पहिली म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते? देवमाणूस!"

सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. अग्रोननं मास्तरांचं डोकं त्यांच्या मांडीवरच्या कापडात ठेवलं. त्यांनी वाईननं कपाळ धुतलं, एकदा, मग पुन्हा, जसं पोराचं ताप उतरल्यावर पुसतात. पोलिख्रोनिस, म्हणाल्या, किती हलका झालास रे. मग बाकीचं त्यांनी मला दिलं. म्हणाल्या, माझे हात थकले, हातांचं तू धू.

उजव्या हाताची हाडं मी धुतली. खडूएवढी, एकेक. मी आयुष्यभर दगड धुतलेत, ते धुताना मोजतो, लांबी, रुंदी. हे मोजलं नाही.

पेटी या खेपेला मी साध्या सरूच्या लाकडाची स्वतः केली होती. बिजागरी जरा तिरकी बसलीय. अंथी म्हणाली, राहू दे, त्यांनीही म्हटलं असतं, घाईत केलीय.

मग घरी जेवण. वीसेक माणसं. वाईन आली, मग मास्तरांच्या गोष्टी सुरू झाल्या. पेरिक्लिसनं कोटाची सांगितली. थेओनीनं कॉफीची. अग्रोननं दाण्यांची. खूप हसलो. सासूबाई टेबलाच्या टोकाला, काळ्या पोशाखात, दोन वर्षांत पहिल्यांदा मिठाचं जेवत होत्या. आणि मग स्टेलिओस ड्रायव्हर ओरडलाच: अर्गिरी, दगडाचं! दगडाचं सांग, त्याशिवाय मास्तरांचं जेवण कसलं!

मी उठलो. ग्लास हातात होता. सगळे हसायच्या तयारीत. पोरगी अथेन्सहून आली होती, तीही.

मी म्हटलं, "एक सांगतो, रागावू नका. ते मास्तर कधी म्हणालेच नव्हते. मला अपूर्णांक येत नव्हते म्हणून मीच पळालो. बाकीचं मी रचलं, तुम्हाला हसवायला."

 मग पेरिक्लिस म्हणाला, पन्नास वर्षं आम्हाला फसवलंस होय रे, लबाडा! आणि सगळे हसले. नेहमीपेक्षा जास्तच हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या पुढ्यातला पाव घेतला, मोडला, मोठा अर्धा, आणि हात लांब करून माझ्या ताटात ठेवला.

"बस आता, अर्गिरी," त्या म्हणाल्या. "जेव."

९ ऑक्टोबर

वही संपली. हे शेवटचं पान. पुढची मला आता विकत आणायला हवी. बत्तीस वर्षं कधी आणली नाही, कितीला मिळते, कुठे मिळते, काही माहीत नाही. उद्या कालामाताला जाणार आहे तेव्हा बघतो. दुकानदार विचारेल कसली हवी.

शाळेची, असं सांगेन.